साधी माउंटन बाइक, भरपूर मजा: गिअर आणि सस्पेन्शन कमी करताना या चुका टाळा

माउंटन बाइकवर मजा यायला काय लागतं? अंगाला बसणारी फ्रेम, पकड सोडणार नाहीत असे टायर, भरवशाचे ब्रेक आणि चढाला पुरेल असा गिअर. पुढचं डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नसलं, सस्पेन्शन नसलं, अगदी गिअर एकच असला तरी टेकडीवरची सकाळ तितकीच रंगते. शिवाय सायकल हलकी होते, धुवायला दहा मिनिटं पुरतात आणि पावसाळ्यात बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मात्र भाग कमी झाले की उरलेल्या प्रत्येक भागावरचा भार वाढतो. एकवीस गिअरच्या सायकलीत चेन थोडी ढिली असली तरी डिरेलरची स्प्रिंग ती ओढून धरते. सिंगल स्पीडवर, म्हणजे एकाच गिअरच्या सायकलीवर, तीच चेन भर चढावर निसटते आणि गुडघा हँडलवर आपटतो. म्हणून साधी सायकल जुळवताना मापं नेमकी लागतात. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

काढायचं एक आणि काढलं भलतंच

नव्या माउंटन बाइकवरून आधी काय उतरवावं? पुढचं डिरेलर, डावा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), त्याची केबल आणि पेडलपाशी असलेल्या तीन दातेरी चेनरिंगपैकी जास्तीच्या दोन. यांच्याशिवाय बहुतेकांचं काहीच अडत नाही. पुढचा ब्रेक मात्र कधीही काढू नका. उतारावर वजन पुढे सरकतं, त्यामुळे सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर मुरमाचा उतार उतरलात तर चाक लॉक होऊन सायकल घसरणार.

माउंटन बाइकिंगची सुरुवातच याची साक्ष देते. १९७६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसजवळच्या उतारावर रीपॅक नावाच्या शर्यती सुरू झाल्या. सायकली होत्या जुन्या, जाडजूड फ्रेमच्या; चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) साधा, विनास्प्रिंगचा, गिअर बहुधा एकच आणि ब्रेक मागच्या हबमधला (चाकाच्या मध्यभागातला), पेडल उलटं दाबून लागणारा. उतार संपेपर्यंत त्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून नवं भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं: रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. त्या मंडळींनी लवकरच मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आणि चांगले ब्रेक बसवले, पुढे चढासाठी गिअरही आले. साध्या चिमट्यावर मात्र ते नंतरही कित्येक वर्षं मजेत फिरले.

चिमटा बदलताना लांबी न मोजणं

स्वस्त सायकलींच्या सस्पेन्शन फोर्कमध्ये, म्हणजे दबणाऱ्या चिमट्यात, नुसती स्प्रिंग असते, तिचा उसळा आवरणारी यंत्रणा नसते. तपासायला पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर जोर देऊन फोर्क खाली दाबा आणि एकदम सोडा. ठक् असा आवाज करत तो वर उसळला, तर दगडांवर तो चाकाला जमिनीवर टेकू देण्याऐवजी उडवणार. असा फोर्क काढून साधा चिमटा बसवला की एक-दीड किलो वजन सहज उतरतं आणि हँडलचा इशारा चाकापर्यंत थेट पोचतो.

इथली चूक अशी की लोक फक्त चाकाचं माप बघतात. बघायची असते ती ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) खालच्या बैठकीपर्यंतची लांबी. २९ इंची चाकाच्या, १०० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या) फोर्कची ही लांबी साधारण ५०० ते ५१० मिमी असते. वजन पडल्यावर फोर्क थोडा दबतो, म्हणून त्या जागी ४७० ते ४९० मिमीचा चिमटा योग्य. त्याऐवजी ४४० मिमीचा बसवला तर पुढचा भाग खाली जातो. दर २० मिमीला हेडचा (फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. मग सायकल उतारावर चंचल वाटते आणि पेडल दगडांना लागू लागतं. सोबत स्टिअरर (चिमट्याची फ्रेममध्ये जाणारी नळी) सरळ आहे की खाली रुंद होणारा, ॲक्सल ९ मिमी क्विक रिलीजचा की १५ मिमीचा आणि डिस्क ब्रेकचे माउंट आहेत का, एवढं दुकानात जाण्याआधी लिहून घ्या. हँडल किंवा स्टेम (हँडल धरणारा भाग) बदलणार असाल तर क्लॅम्पचं मापही घ्या: २५.४ मिमीचं हँडल ३१.८च्या स्टेममध्ये बसत नाही.

पुढची एकच चेनरिंग ठेवली आणि चेन पडू लागली

तीन चेनरिंगमधली मधली तशीच ठेवली तर चेन पडणारच. त्या चेनरिंगचे काही दात मुद्दाम आखूड आणि तिरके केलेले असतात, चेन सहज शेजारच्या रिंगवर जावी म्हणून. एकच रिंग ठेवायची असेल तर एक दात जाड आणि एक बारीक असलेली नॅरो-वाइड रिंग घ्या. ३० किंवा ३२ दात बहुतेकांना पुरतात. त्याआधी क्रँक (पेडलचा दांडा) नीट बघा. बऱ्याच स्वस्त क्रँकवर चेनरिंग रिव्हेट मारून बसवलेल्या असतात. त्या सुट्या होत नाहीत, क्रँकच बदलावा लागतो. बोल्टच्या असतील तर बोल्टही एका रिंगसाठीचे आखूड घ्या. लांब बोल्ट पूर्ण आवळल्यासारखे वाटतात, पण रिंग आत हलत राहते.

चेनची लांबी डिरेलरमधून न घालता मोजा. पुढची रिंग आणि मागच्या चाकावरची सर्वांत मोठी दातेरी चकती यांवरून चेन गुंडाळा, टोकं जिथे भिडतात त्यापुढे एक पूर्ण जोडी, म्हणजे एक जाड आणि एक बारीक कडी, ठेवा आणि तिथे कापा. बजेट असेल तर क्लच (चेन हलू न देणारी यंत्रणा) असलेलं मागचं डिरेलर घ्या. दगडांवर चेनचा फटफटाट आणि चेन पडणं, दोन्ही जवळपास थांबतं.

सिंगल स्पीड: २६ इंचाचा हिशेब २९ इंचाला लावणं

जुना ठोकताळा सांगतो की पुढचे दात मागच्यांच्या दुप्पट, म्हणजे ३२ला १६. तो २६ इंची चाकांच्या काळातला आहे. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणून ३२-१६वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ४.१ मीटर जाते. २९ इंची चाकाचा घेर २.३ मीटर. त्यावर तेवढंच अंतर ३२-१८ देतं. हाच ३२-१६ तिथे लावला तर ४.६ मीटर होतात, आणि सह्याद्रीतल्या चढावर दोनशे मीटरच्या आत उतरून ढकलायची पाळी येते.

२९ इंची सायकलला सुरुवात ३२-२०ने करा. एका फेऱ्यात साधारण ३.७ मीटर, आणि मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी १७-१८ किलोमीटर. सपाट डांबरी रस्त्यावर हे कमी वाटतं, पाय फार फिरतात. ते सोसावं, कारण गिअर निवडायचा तो टेकडीसाठी. चढ फार उभे असतील तर २२ दातांची चकती लावा. चढावर उभं राहून, हँडल ओढत पेडल मारायची सवय दोन-तीन आठवड्यांत लागते.

कॅसेटच्या (सरकवून बसवायच्या चकत्यांच्या संचाच्या) हबवर एकच चकती लावताना बूड रुंद असलेली घ्या. पातळ पत्र्याची चकती चकती ज्यावर बसते त्या ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुतते आणि पुढे निघता निघत नाही. तुमच्या सायकलीत हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला सात गिअरचा फ्रीव्हील असेल तर वेगळी अडचण येते. त्या हबवर सिंगल फ्रीव्हील बसतो, पण स्पोकच्या फार जवळ, आणि चेन तिरकी चालते. ॲक्सलवरचे स्पेसर इकडचे तिकडे करून रिम पुन्हा मध्यावर आणावी लागते. चाकाचा आउट काढणारा चांगला कारागीर हे काम करून देतो, पण काय हवं ते त्याला नेमकं सांगा: मागची चकती पुढच्या चेनरिंगच्या सरळ रेषेत. घरी तपासायला मागे उभं राहून लांब पट्टी चेनरिंगला टेकवा. तिचं टोक चकतीला चिकटून जायला हवं. २ मिमीचा फरक चालतो, ५ मिमीचा नाही.

चेनचा ताण: सगळा त्रास इथूनच

सिंगल स्पीडवर चेन पडली की बहुतेक जण ती आणखी ताणतात. मग पेडल जड होतं, बेअरिंग करकरतात आणि चेन तरीही पडते. कारण चेनरिंग अगदी गोल आणि मध्यावर क्वचितच असते. क्रँक हळूहळू फिरवा आणि चेनच्या मध्यावर बोट ठेवा. एका जागी ती ताठ होते, अर्ध्या फेऱ्याने सैल. ताण ठरवायचा तो ताठ जागेवर. तिथे चेन वर-खाली मिळून १० मिमी हलली पाहिजे.

ताठ आणि सैल जागेत फार फरक असेल तर चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करा, रिंग जेमतेम सरकेल इतकेच. ताठ जागा आली की चेनवर पान्याच्या मुठीने हलकेच टोला द्या. रिंग एक केसभर सरकते आणि ताण थोडा उतरतो. क्रँक फिरवून पुढची ताठ जागा शोधा, पुन्हा तेच. तीन-चार वेळा केल्यावर फरक जवळपास नाहीसा होतो. मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि यानंतर सायकल इतकी शांत चालते की टायरखालची खडी तेवढी ऐकू येते.

फ्रेमचे ड्रॉपआउट (मागचं चाक ज्यात बसतं त्या खाचा) उभे असतील तर चाक मागे ओढता येत नाही. काही जण योगायोगाने बरोबर ताण येईल अशी दातांची जोडी शोधतात. नव्या चेनवर ते जमतंही. एक दात बदलला की चाकाची जागा ३.२ मिमीने सरकते, त्यावरून हिशेब बसवता येतो. पण सव्वा मीटरच्या आसपासची चेन अर्धा टक्का झिजली की ५-६ मिमी लांब होते आणि खालची बाजू लोंबू लागते. उभ्या ड्रॉपआउटला चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लावा, प्रश्न मिटतो.

झीज मोजायला साधी स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये २४वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक सूत, म्हणजे १/८ इंच, पुढे गेली की चेनसोबत चकत्याही गेल्या. अर्ध्या सुतावरच चेन बदला.

हवा अंगठ्याने मोजणं

साध्या चिमट्याच्या सायकलीत टायर हेच सस्पेन्शन. बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. पंपावर ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरून निघालेली सायकल प्रत्येक दगडावरून उडते आणि दोष चिमट्याला लागतो. ७० किलोच्या माणसाला २.३ इंची टायर, आत ट्यूब असताना, पुढे २४-२५ आणि मागे २७-२८ पीएसआय ही चांगली सुरुवात. ट्यूबलेसला तीन-चार पीएसआय कमी. चांगला गेज घ्या आणि दर खेपेला २ पीएसआय बदलून बघा.

पंक्चर झालं तर ट्यूब वाचता आली पाहिजे. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि रिमने ट्यूब चिमटली. एकच बारीक छिद्र म्हणजे काटा. आपल्याकडे सराटे आणि बाभूळ, त्यामुळे हे दुसरं जास्त. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तुटलेल्या काट्याचं टोक कापूस धरतं. बोटाने चाचपाल तर बोटात जाईल. सराट्याच्या वाटेवर ट्यूबलेस खरंच परवडतं: २९ इंची टायरला ९० ते १२० मिली सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव). आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी उघडून बघा.

टायर रुंद घेताना फ्रेमपासून दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी जागा सोडा. काळी चिकट माती अडकली की चाक फिरायचंच थांबतं.

ब्रेक सैल झाला म्हणून नुसती केबल ओढणं

केबलवरचा डिस्क ब्रेक साध्या सायकलीला उत्तम. त्यात बहुधा बाहेरचा पॅड हलतो, आतला जागेवर असतो. पॅड झिजले की केबल ओढत राहिल्याने कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) दांडा आधीच अर्धा वळलेला राहतो आणि जोर कमी पडतो. आधी आतला पॅड त्याच्या स्क्रूने डिस्कजवळ आणा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतका. मग बाहेरचा. केबल शेवटी. पॅडचा थर अर्धा मिलीमीटर उरला की पॅड बदला. नवे पॅड घातल्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगावरून वीसेक वेळा वेग कमी करा, चाक लॉक न करता. त्याशिवाय पकड येत नाही. चेनवर स्प्रे मारताना डिस्क झाकायला विसरू नका, तेल शोषलेला पॅड पुन्हा धड होत नाही.

पाऊस, आवाज आणि पिशवी

प्रेशर वॉशरचा झोत हबवर धरू नका, बादली आणि ब्रश पुरे. चेन पुसून, वाळवून प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल घाला आणि वरचं पुसून टाका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीटचा दांडा बाहेर काढून ग्रीस लावा. स्टीलचा दांडा ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये एकदा धरला की काढताना फ्रेमच जाते.

टक् टक् आवाज येत असेल तर काही उघडण्याआधी उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा तिचा दांडा. चालूच राहिला तर पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा (डाव्या पेडलची आटी उलटी असते), मग चेनरिंगचे बोल्ट, मग क्रँक. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) सर्वांत शेवटी बघा.

सोबत एक ट्यूब, पंप, चेन कटर असलेलं मल्टिटूल आणि तुमच्याच चेनच्या मापाची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) ठेवा. आठ स्पीडची लिंक नऊ स्पीडच्या चेनला चालत नाही, आणि १/८ इंची सिंगल स्पीड चेनला तर या दोन्हीही नाहीत.