नोकिया एन९००वरील होम पार्टिशन वाढवताना
२००९ साली आलेल्या या माएमो (नोकियाची लिनक्सवर आधारित प्रणाली) मोबाइल संगणकाच्या ३२ जीबी फ्लॅश साठवणीपैकी सुमारे २७ जीबी मायडॉक्स या वापरकर्त्याच्या फाइलींच्या पार्टिशनकडे (साठवणीच्या वेगळ्या आखलेल्या भागाकडे), तर ॲप्स व सेटिंग्ज ठेवणाऱ्या होमकडे जेमतेम २ जीबी असते. होम मायडॉक्सच्या मागून येत असल्याने आणि त्याची एक्स्ट३ ही फाइल प्रणाली सुरुवातीच्या बाजूने वाढवता येत नसल्याने, नुसते मायडॉक्स आखडून भागत नाही.

म्हणून आधी दोन्हींचा बॅकअप घ्यावा. होमचा मात्र टारनेच (अनेक फाइली एकाच फाइलीत बांधणारी आज्ञा), कारण फॅट या साध्या फाइल प्रणालीच्या मेमरी कार्डावर फाइली सुट्या उतरवल्यास मालकी आणि परवानग्या गळून पडतात. बॅटरी पूर्ण भरून, होम अनमाउंट (वापरात नसलेले) राहील अशा, दुरुस्तीसाठीच्या रेस्क्यू प्रणालीतून उपकरण सुरू करावे. एफडिस्क या पार्टिशने आखण्याच्या साधनाने पहिली दोन पार्टिशने पुसून नव्याने आखावीत. स्वॅपच्या (रॅमला जोड देणाऱ्या जागेच्या) तिसऱ्याला हात लावू नये. शेवटी अनुक्रमे फॅट व एक्स्ट३ फॉरमॅट करून टार उलगडावे.