कॅम्पर व्हॅनमध्ये सातच्या बातम्या

पुतण्यानं जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून दोन बाक, ओटा आणि पंखा बसवला. पवनेच्या काठी पहिली रात्र. सगळे पाण्याकडे बघत होते आणि आई विचारत होती, "सह्याद्री चॅनल कुठे लागतं?" ती ८१ वर्षांची आहे. संध्याकाळी सातच्या बातम्या चुकल्या की तिला जेवण जात नाही. "मोबाइलवर बघ ना आजी," असं म्हणणाऱ्यांनी एकदा ताम्हिणीत किंवा वेल्ह्याच्या पुढे जाऊन मोबाइलवर बातम्या लावून दाखवाव्यात.

अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तिकडे कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीच्या जागेशी एक खांब असतो. त्यावर ३० आणि ५० अँपिअरचे सॉकेट, शेजारी पाण्याचा नळ आणि बऱ्याच ठिकाणी केबल टीव्हीचं टोकही. आपली वायर एका बाजूनं त्याला, दुसऱ्या बाजूनं गाडीच्या बाहेरच्या सॉकेटला फिरवून बसवायची. आत टीव्हीच्या मागच्या भिंतीवर अँटेनाच्या बूस्टरचं बारीक बटण असतं. ते बंद करायचं, नाहीतर केबलऐवजी अँटेनाच आत येत राहतो. मग टीव्हीच्या मेनूत 'अँटेना' बदलून 'केबल' करायचं आणि चॅनल शोधायला लावायचे. जावयाने बटण चालूच ठेवलं होतं. पाऊण तास तो खांबाला दोष देत होता. काही ठिकाणी ऑफिसातून बॉक्स घ्यावा लागतो, तेवढं आधी विचारावं.

आपल्याकडे असा खांब नाही, म्हणून डिश. मी दूरदर्शनची डीडी फ्री डिश निवडली, कारण महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा डोळा), सेट-टॉप बॉक्स, पंधरा मीटर आरजी-६ म्हणजे डिशची जाड वायर आणि तिच्या टोकांना लावायचे दोन एफ कनेक्टर असा संच मला सतराशेला पडला. दुकानदाराने सिग्नल मीटरही गळ्यात मारायचा प्रयत्न केला. गरज नाही, बॉक्सच्या स्क्रीनवर सगळं दिसतं.

आता मुद्द्याचं. गाडी लावण्याआधी आकाश बघा. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला दिसतो: होकायंत्रावर साधारण १३२ अंश आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती जवळपास दहा अंश व्यापते, म्हणजे क्षितिजापासून वर सहा मुठी. एवढ्या उंचीवर तिकोना आडवा येत नाही, लोहगडही नाही. आडवं येतं ते झाड. पवनेला आम्ही सावली बघून आंब्याखाली गाडी लावली होती, आणि त्या आंब्यानेच बातम्या खाल्ल्या. हिशोब सोपा आहे: आग्नेयेला जेवढं उंच झाड, त्याच्या साठ टक्क्यांहून जास्त अंतर सोडा. दहा मीटरच्या झाडापासून सहा मीटरच्या पुढे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या दिवसांत त्या वेळी जिथे ऊन पडलंय तिथे डिश चालणार, सावलीत नाही. मात्र नेमका त्या काही मिनिटांत टीव्ही स्वतः खरखरतो किंवा बंद पडतो. घाबरू नका, सूर्य सरकला की परत येतो.

डिश गाडीच्या टपावर बसवू नका. आत कुणी कुशीवर वळलं तरी गाडी हलते. जमिनीवर तिपाई, तिच्या पायांना वीस लिटरचा पाण्याचा कॅन बांधलेला. दांडा काटकोनात उभा हवा. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधून बघा. दांडा तिरका असला तर डिशच्या मागच्या पट्टीवरचे आकडे निरुपयोगी.

पहिल्यांदा लावणारा हमखास एक चूक करतो. ५९ अंश म्हटल्यावर डिश थाळीसारखी आकाशाकडे उताणी करतो. ही डिश ऑफसेट जातीची असते, तिचा एलएनबी खाली बाजूला असतो. म्हणून तिचं तोंड जेवढं वर दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं ती बघत असते. उभ्या रेषेपासून साधारण पस्तीस अंश मागे कललेली दिसली की पुरे.

वायरचं टोक सोलताना आतला तांब्याचा गाभा आठेक मिलिमीटर मोकळा ठेवा आणि भोवतीच्या तारांच्या जाळीचा एकही केस त्याला चिकटू देऊ नका. याच वायरमधून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देतो, केस चिकटला की शॉर्ट. वायर जोडताना बॉक्स बंद.

बहुतेक बॉक्सना १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. मागचं लेबल वाचा आणि मगच बॅटरीवरून द्या. गाडी चार्ज होताना बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारं मॉड्यूल आणि फ्यूज लावा. २४ इंची टीव्ही तीसेक वॅट घेतो, दोन-तीन तास चालला तरी १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला फारसं कळणार नाही.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात. 'स्ट्रेंथ' विसरा. वायर नीट जोडली की डिश भलतीकडे असली तरी ती भरते. 'क्वालिटी' बघा. आधी वर-खालचा कोन पक्का करून बोल्ट आवळा, मग डिश डावी-उजवी अगदी बोटभर फिरवा आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबा. बॉक्सला विचार करायला वेळ लागतो, आपल्यालाच घाई असते. क्वालिटी आली की एलएनबी पकडीत थोडा फिरवून आणखी वाढते का बघा. मग बोल्टशेजारी रंगाची खूण करा. पुण्याच्या आसपास कुठेही गेलात तरी उंचीचा कोन जवळपास तोच राहतो.

शेवटचं पावसाचं. आग्नेयेला काळा ढग आला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात. त्या वेळी डिशला हात लावायचा नाही. मागच्या जुलैत पुतण्या छत्री घेऊन बाहेर गेला आणि "जरा इकडे करतो" म्हणून त्याने डिश फिरवली. पाऊस वीस मिनिटांत थांबला. चित्र साडेआठला आलं. आई तोपर्यंत न जेवता झोपली होती.