टाइल्सआधी ओट्यामागची भिंत

ओट्यामागच्या जुन्या टाइल्स काढल्या, तसा गिलावाही सोबत निघाला. मिस्त्री म्हणाले, "वरनं अ‍ॅडहेसिव्ह लावू, धरतंय की ओ!" मला पटेना. हातोडीनं हलके ठोकत गेलो. पोकळ आवाज येईल तिथं खडूची खूण. सिंकमागं जवळपास सगळी भिंतच खडूनं भरली, शिवाय लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीवर फुटलेला क्षार. म्हणून आधी नळाचा गळका सांधा बदलला, नाहीतर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

सैल गिलावा विटेपर्यंत फोडला, सांधे खरवडले, तारेच्या ब्रशनं झाडून भिंत भिजवली. त्यावर सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं सिमेंट, आणि ती ओली असतानाच १:४ चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), एका थरात १५ मिमीच्या आतच. वीट आणि कॉलम जिथं मिळतात तिथं कोंबडीजाळी. वरून घोटू दिलं नाही, खरबरीतच ठेवलं. शाबूत गिलाव्यावरच्या ऑइलपेंटवर टाचे, म्हणजे छिन्नीनं छोटे खड्डे, मारून घेतले.

खरी कसरत पाणी मारण्याची. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीपार. भिंत बघता बघता सुकायची. मग ओलं गोणपाट टांगून आठवडाभर दमट ठेवली, नंतर नीट वाळू दिली. तोवर गॅस हॉलमध्ये, आईची कुरकुर वेगळीच.

टाइल्स बसवताना एखादी लगेच उचलून बघा, मागं अ‍ॅडहेसिव्ह कोपऱ्यांपर्यंत पोचलंय का ते.