खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिली, तरी तिच्याखाली अंडी ठेवू नका. त्या उकाड्यात साठवलेली अंडी आधीच बिघडतात. दिवाळीनंतरचे दिवस बरे. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी एकाच दिवशी, अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवा. रोज एकेक घातलं तर पिल्लं मागेपुढे निघतात, ती पहिल्यांना घेऊन उठते आणि उरलेली अंडी थंड पडतात. सातव्या रात्री टॉर्चवर धरा, लाल शिरा न दिसणारी काढून टाका. २१ दिवसांनी पिल्लं निघाली की दाण्याची घाई नको. पहिला दिवस पोटातल्या बलकावर निघतो. मग बाजरीची भरड, आणि पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून. रात्री डालग्यावर, म्हणजे कोंबडी-पिल्लं झाकायच्या टोपलीवर, जड दगड ठेवा, मांजर नुसतं डालगं सहज उलथवतं.