मराठी सिनेमा-नाटकांच्या डिस्क: घेताना, तपासताना, टिकवताना

मराठी सिनेमा आणि नाटकं डिस्कवर जमवायची तर व्हीसीडीकडे, म्हणजे व्हिडिओ सीडीकडे, नाक मुरडून चालत नाही. हिंदी किंवा इंग्रजी सिनेमांचा संग्राहक व्हीसीडी बाजूला टाकून थेट डीव्हीडी-ब्लू-रेकडे वळू शकतो. मराठीत मात्र पुष्कळ नाटकं आणि बरेच मधल्या फळीतले सिनेमे व्हीसीडीवर आले आणि तिथेच थांबले. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमारास व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा घरोघरी डिस्कचे ढीग लागले. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्याआधी 2016 मध्ये मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाणी-सिनेमांचं दुकानही बंद झालं. आता शोध घ्यायचा तो पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, रद्दीची दुकानं, बंद पडलेल्या सीडी लायब्ररींचा माल आणि नातेवाइकांचे माळे इथे. माळ्यांना कमी लेखू नका.

दुकानात उभ्या उभ्या काय पाहायचं

कव्हरवर भुलू नका, डिस्क बाहेर काढा. आधी खालची बाजू पाहा. छापील म्हणजे कारखान्यात दाबून काढलेली डिस्क चंदेरी दिसते. दोन थरांची डीव्हीडी जराशी सोनेरी असते. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर ती बर्नरवर काढलेली कॉपी आहे. तिच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन-उकाड्यात लवकर मरतो. छोट्या नाट्यसंस्थांनी आपली अधिकृत डिस्कही अशीच थोडक्या प्रतींत काढलेली असू शकते, म्हणून जांभळी दिसली की लगेच चोरीची ठरवू नये. घ्यावी, पण त्याच आठवड्यात तिची प्रत काढून ठेवावी.

मग मधल्या भोकाभोवतीचं कडं उजेडात तिरकं धरा. तिथे बारीक अक्षरांत आयएफपीआय (ध्वनिमुद्रण उद्योगाची जागतिक संघटना) आणि त्यापुढे छोटा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. हा क्रमांक डिस्क कुठल्या कारखान्यात बनली ते सांगतो. क्रमांक नाही, कडं कोरं आहे आणि लेबलचा कागद चिकटवलेला आहे, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर डिस्क परत ठेवा.

तिसरी तपासणी ट्यूबलाइटसमोर. लेबलची बाजू आपल्याकडे करून डिस्क उजेडाआड धरली की ॲल्युमिनियमच्या थराला पडलेली भोकं चांदण्यांसारखी चमकतात. एखाददुसरी चांदणी चालते, आकाशगंगा चालत नाही. सगळी डिस्कच थोडी पारदर्शक वाटली तर तो दोष नव्हे, काही डिस्कमध्ये थरच पातळ असतो. डीव्हीडीच्या कडेने आत सरकत आलेलं धुरकट वलय मात्र वाईट. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात. तो डिंक सुटला आणि आत हवा शिरली की उपाय नाही.

ओरखड्यांबाबत बहुतेकांचा समज उलटा असतो. लोक खालच्या बाजूच्या ओरखड्यांना घाबरतात, पण व्हीसीडीचा जीव वरच्या बाजूला असतो. तिचा माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. बॉलपेननं नाव लिहिलेलं, लेबल सोललेलं, रबरबँड चिकटून राहिलेला असं काही दिसलं तर तेवढा भाग गेला समजा. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती लेबलकडून बरंच सोसते. ब्लू-रेचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटर आत असतो. वर कडक लेप असला तरी तो फुटला की संपलं.

पूर्ण सिनेमा आहे की कापलेला?

कव्हरवरच्या मिनिटांवर विश्वास ठेवू नये. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तिथे चित्र थांबवा आणि लांबी मीटरमध्ये दिलेली असेल तर टिपून घ्या. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 27.36 मीटर धावते. समजा प्रमाणपत्रावर 3830 मीटर आहे, तर मूळ सिनेमा 140 मिनिटांचा. डिस्क पाल (आपल्याकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत) पद्धतीची असेल तर सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी पळतात, त्यामुळे तोच सिनेमा 134 मिनिटांत आणि किंचित चढ्या आवाजात संपतो. म्हणजे 134 दिसले तर काही गेलेलं नाही. 122 दिसले तर एखादं गाणं किंवा एखादा प्रसंग उडालेला आहे. सुरुवातीच्या जाहिराती आणि इतर सिनेमांच्या झलका वजा करायला विसरू नका.

व्हीसीडीवर साधारण 74 मिनिटं बसतात. 160 मिनिटांचा सिनेमा दोनच डिस्कमध्ये मिळाला तर हा हिशोब करूनच पैसे द्या.

तीन सिनेमे एका डीव्हीडीवर, हा प्रकार स्वस्त वाटतो आणि तो तसाच स्वस्त असतो. एका थराच्या डिस्कवर 4.7 जीबी मावतात. 140 मिनिटांचा एकच सिनेमा असेल तर चित्राच्या सेकंदाला सुमारे 4.5 मेगाबिट माहिती वाट्याला येते. तीन कोंबले की जेमतेम दीड. व्हीसीडीचं चित्र 1.15 मेगाबिटवर चालतं, पण तिची चौकट 352 बाय 288 ची, लहानशी. डीव्हीडीची 720 बाय 576, चौपट मोठी. एवढ्या मोठ्या चौकटीला दीड मेगाबिट पुरत नाहीत, म्हणून पावसाच्या किंवा गर्दीच्या दृश्यात चौकोन फुटतात. संगणकात डिस्क टाकून भरलेली जागा पाहा. संगणक 4.7 जीबीलाच 4.37 जीबी म्हणतो, त्याच्या वर आकडा गेला तर डिस्क दोन थरांची आहे आणि बहुधा चित्र बरं आहे.

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे संच घेताना भाग मोजा. ‘रामायण’ 78 भागांचं, ‘महाभारत’ 94 भागांचं, ‘भारत एक खोज’ 53 भागांची. जुन्या संचात डिस्क तीन दोनदा आणि डिस्क सात गायब, हे नेहमीचं. डबा उघडून प्रत्येक डिस्कवरचा क्रमांक वाचा.

परदेशातून कुणी डिस्क आणणार असेल तर विभाग, म्हणजे डिस्क कुठल्या देशांच्या प्लेअरवर चालेल तो संकेत, आधी विचारा. डीव्हीडीसाठी भारत विभाग 5 मध्ये, अमेरिका 1 मध्ये, युरोप 2 मध्ये. ब्लू-रेसाठी आपण सी. मागे ‘सर्व विभाग’ किंवा शून्य लिहिलेलं असेल तर चिंता नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, शेवटचा निवडलेला कायमचा बसतो, म्हणून गंमत म्हणून बदलत बसू नका.

धुणं-पुसणं

बोटांचे ठसे आणि तेलकटपणा असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो. डिस्क बुडवायची नाही, खालची बाजूच ओली करायची. व्हीसीडीच्या लेबलला पाणी लागू देऊ नका. चष्म्याच्या मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल कधीच नाही. माहिती गोल वाटेनं लिहिलेली असते. आडव्या ओरखड्यानं प्रत्येक फेरीतला तुकडाच जातो आणि तो प्लेअर गणितानं भरून काढतो. वाटेच्या दिशेनं गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. सीडीवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून निघते, डीव्हीडीवर सहापर्यंत. त्यापुढे गाडी अडकते.

चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर प्लास्टिकवर जाळी पडते. टूथपेस्टनं घासण्याचा घरगुती उपाय बारीक ओरखड्यांवर कधी कधी चालतो, पण तो शेवटचा.

प्रत काढणं

इथे आळस करू नका, कारण व्हीसीडीची चूक दुरुस्त करण्याची ताकद मुळातच कमी असते. साध्या डेटा सीडीवर चुका सुधारणारा एक जादा थर असतो. व्हीसीडीनं तो काढून टाकून ती जागा चित्राला दिली. म्हणून तेवढ्याच ओरखड्यानं दस्तऐवजांची सीडी वाचते आणि नाटकाची सीडी दुसऱ्या अंकात अडकते.

व्हीसीडी संगणकात उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डीएटी प्रकारची मोठी फाइल दिसते. चांगल्या डिस्कवरून ती सरळ कॉपी होते आणि व्हीएलसी हा प्लेअर ती चालवतो. खराब डिस्कवर विंडोज पहिल्याच वाईट जागी हात वर करतं. तिथे आयसोबस्टर हा डिस्क वाचणारा प्रोग्राम वापरा. तो न वाचलेला भाग मोकळा सोडून पुढे जातो आणि दोन सेकंदांच्या चौकोनांवर पूर्ण अंक वाचतो. नाही जमलं तर दुसरा ड्राइव्ह लावून पाहा. एकाला न वाचलेली डिस्क दुसरा सहज वाचतो, हे अनेकदा घडतं. ड्राइव्हचा वेग कमी करूनही फरक पडतो.

डीव्हीडीची पूर्ण प्रतिमा आयएसओ म्हणून, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये, काढा, म्हणजे मेनू आणि सबटायटल राहतात. कॉपी करण्यापूर्वी चित्र लहान करणारं, पुन्हा दाबणारं काही करू नका. बऱ्याच जुन्या मालिका व्हिडिओवर चित्रित झालेल्या असतात, सेकंदाला 50 अर्ध्या चौकटी. त्या 25 वर उतरवल्या की हालचाल तुटक होते. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर प्लेअरमध्ये डीइंटरलेस (अर्ध्या चौकटी जुळवणारी सोय) चालू करा, फाइलला हात लावू नका. टीव्हीवर मात्र चित्राचा आकार 4:3 ठेवा, नाहीतर सगळी पात्रं जाडी दिसतात.

दोन थरांच्या दोनशे डिस्कना दीड टीबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे 2 टीबीची हार्ड डिस्क पुरते. पण दोन घ्या, आणि दुसरी वेगळ्या घरात ठेवा. प्रती स्वतःपुरत्या असाव्यात. डिस्कवरचं कुलूप हक्कभंगाच्या हेतूनं तोडणं कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, आणि वाटप तर आहेच. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. त्याहून जुन्या सिनेमाबद्दलही, त्यातली गाणी आणि नवी दुरुस्त आवृत्ती यांचे हक्क वेगळे असू शकतात.

ठेवणं

डबे उभे ठेवा, आडव्या थप्प्या नकोत. डीव्हीडीचा डबा 14 मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे एक मीटर फळीवर सत्तरेक बसतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्याआधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत निळ्या करा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतली डिस्क काढून घ्या, ते प्लास्टिक उष्णतेत घामेजतं आणि पृष्ठभागाला चिकटतं. डब्यातून डिस्क काढताना मधली घुंडी अंगठ्यानं दाबा, मग उचला. कडेला धरून ओढली की भोकापाशी तडे जातात. तो तडा हळूहळू बाहेर सरकतो, आणि सुरुवातीचा भाग आतूनच वाचला जात असल्यानं डिस्क मेनूपाशीच अडकते.