आज किती पोळ्यांचं बळ आहे?

ठाण्यात चरईमध्ये मी घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. २०१५ पासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, माझ्या सोबत आहे. 'पॉझिटिव्ह राहा हो' असं जितक्या जणांनी सांगितलं, त्यांनी प्रत्येकी चार पोळ्या लाटून दिल्या असत्या तर माझी निम्मी दगदग वाचली असती. तरी मन ताळ्यावर ठेवायची रीत असते आणि ती शिकता येते. मला जमली ती सांगते.

पहिली गोष्ट, आजार नीट समजून घ्या. माझी सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की मागे दुखायचं, आणि कोशिंबिरीतला टोमॅटो डाव्या डोळ्याला लालभडक, उजव्याला विटका दिसायचा. चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला. सात-आठ महिन्यांनी कमरेखाली मुंग्या आल्या, चप्पल पायातून निसटलेली कळेना, तेव्हा एमआरआय झाला आणि मेंदूत पांढरे डाग दिसले. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. मला कळलं ते आमच्या मिक्सरवरून. त्याची वायर उंदराने कुरतडली होती. कधी चालायचा, कधी नाही, आणि जरा तापला की हमखास थांबायचा.

हे तापणं माझ्या धंद्याच्या मुळावर आलं. तव्यापुढे वीस मिनिटं उभी राहिले की उजव्या डोळ्यापुढे धुकं यायचं आणि गुडघे लटपटायचे. आता आंधळी होणार, या भीतीने मी पहिले सहा महिने रोज काढले. खरं तर याला उथॉफ फिनॉमिनन म्हणतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये त्याची नोंद केली. अंगाची उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी सोललेल्या तंतूतून संदेश अडखळतो आणि अंग निवलं की पूर्ववत होतो. त्या उष्णतेने नवी इजा होत नाही. ही एक माहिती मला शंभर धीराच्या शब्दांपेक्षा जास्त कामी आली. आता धुकं आलं की मी गॅस बंद करते, पंख्याखाली बसते, ओला नॅपकिन मानेवर टाकते, गार ताक पिते आणि घड्याळ लावते. अर्ध्या तासात डोळा निवळतो. न निवळला तर गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते.

ठाण्याची हवा खाडीकाठची, दमट. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणून कामाची वेळच बदलली. कणीक रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवते. पहाटे पाचला लाटायला बसते आणि आठला तवा उतरवते. बसते म्हणजे खरंच बसते. ओट्याच्या उंचीचं स्टूल सुताराकडून करून घेतलंय. भाजायला मावशी येतात, मी शेगडीपासून चार हात लांब. अंघोळ कोमट पाण्याने. कढत पाण्याची सवय सोडताना मला दिवाळीच्या पहाटे अगदी रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आता हिशेब. या आजाराचा थकवा कामाने दमण्यासारखा नसतो. अंगात कुणी ओल्या वाळूचं पोतं भरावं तसा असतो, आणि बाहेरून दिसत नाही. लोकलच्या अपंगांच्या डब्यात एका गृहस्थांनी मला 'धडधाकट दिसताय की' म्हणून ऐकवलं होतं. (२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा आणि पर्समध्ये वरच ठेवा, म्हणजे वाद घालण्यात बळ जात नाही.) तर सकाळी उठल्यावर बाथरूमपर्यंत पाय कसे पडतात ते बघून मी ऑर्डरच्या वहीत वर आकडा लिहिते, आज किती पोळ्यांचं बळ आहे. चांगल्या दिवशी १२०. वाईट दिवशी ४०. मग खर्च मांडायचा. अंघोळ १०. भाजी बाजारातून आणणं ३०, म्हणून ती आता घरपोच येते. नणंदेशी फोन १५, आणि तिच्या सासूचा विषय निघाला तर २५. उरलं त्यात धंदा.

सुरुवातीला मी वहीत खोटं लिहायची. ६० चं बळ असताना १०० लिहायचं, औषध घेऊन, देवाचं नाव घेऊन रेटायचं. पुढचे दोन दिवस अंथरुणात. माझ्या मते पॉझिटिव्ह राहण्याच्या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान याच खोट्या आकड्याने होतं. ४० चा दिवस ४० च लिहा आणि त्या चाळीस चांगल्या लाटा.

आता दुसरी वही, डॉक्टरांसाठी. नवीन त्रास किंवा जुन्याच त्रासाची वाढ २४ तासांहून जास्त टिकली आणि ताप किंवा इन्फेक्शन नसलं, तर तो बहुधा या आजाराचा खरा अटॅक असतो आणि लगेच न्यूरोलॉजिस्टना फोन करायचा. स्टेरॉइडचं सलाइन तीन ते पाच दिवस चालतं, त्याने बरं होणं लवकर होतं. २०१९ च्या पावसाळ्यात माझे दोन्ही पाय दगड झाले. मी मनाने व्हीलचेअरही घेऊन टाकली होती. लघवीची तपासणी झाली, तर इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिकने आठवड्यात पाय परत आले. म्हणून तारीख, वेळ, ताप आणि लघवीला जळजळ होती का, एवढं लिहाच.

माझं औषध आठवड्यातून एकदा मांडीत घ्यायचं इंटरफेरॉनचं इंजेक्शन. शनिवारी रात्री घेते, कारण रविवारी केंद्र बंद. त्या रात्री फ्लूसारखी कणकण येते, डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी आधीच घेते. सिरिंज फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेवायची, गार औषध जास्त झोंबतं. कालनिर्णयवर शनिवारच्या चौकोनात 'उ' किंवा 'डा' लिहिते, मांडी आलटूनपालटून व्हावी म्हणून. हा आजार औषधाने मुळापासून जात नाही, पण अटॅक कमी होतात. कुणाच्या काढ्यासाठी ते परस्पर बंद करू नका. माझ्या ओळखीतल्या एकीने केलं, तिची हकिगत मी इथे सांगणार नाही.

व्यायामाबद्दल जुनी समजूत अशी की एमएसवाल्यांनी हलूच नये. आता डॉक्टर उलट सांगतात. मी संध्याकाळी ऊन उतरलं की मासुंदा तलावाला अर्धी फेरी मारते, कोपिनेश्वराच्या बाजूला टेकते, मग परत.

आणि मन खरंच बुडालं तर? २०१७ मध्ये मी तीन महिने कणीक मळताना रडत होते. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, 'मन घट्ट कर गं.' मला वाटलं मीच कच्ची. पण एमएसमध्ये नैराश्य इतरांपेक्षा बऱ्याच जास्त जणांना येतं, आणि मेंदूतल्या आजाराचाही त्यात वाटा असतो. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळीने आणि बोलण्याने मी सावरले. दोन आठवडे सलग कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका, घरात कुणाला तरी त्याच दिवशी सांगा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. तिथे पहिल्यांदा मला 'टोमॅटो विटका' हे वाक्य अर्ध्यावर कुणीतरी पूर्ण करून दिलं.

घरच्यांना 'मदत करा' असं मोघम सांगू नका, नेमकं काम द्या. होळीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी येतात आणि तेव्हाच उकाडा सुरू झालेला असतो. मी पन्नासच्या वर घेत नाही. डाळ आदल्या संध्याकाळी शिजते, पुरण आटवायला मुलगी उभी राहते, पुरणयंत्र आमचे हे फिरवतात, कारण त्याला मनगट लागतं आणि माझं उजवं मनगट सहानंतर ऐकत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी अर्धं पुरण ओट्यावर आणि अर्धं बनियनवर घेतलं होतं. आता सफाईने करतात. वेलची-जायफळ मात्र मीच घालते, स्टुलावर बसून.