कोल्हापुरात पदवीला प्रवेश घेताना आणि पहिल्या वर्षात

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या घराघरांत कोणत्या कॉलेजचा कट ऑफ किती लागला आणि शेजारच्या मुलाला कुठे मिळाले, याचीच चर्चा सुरू होते. मी अनेक वर्षे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. नाव ऐकून प्रवेश घेतलेले, पण आपल्या विषयाला शिकवणार कोण, हे कधीच न विचारलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे एका विभागात, एका प्रयोगशाळेत आणि पाच-सहा शिक्षकांच्या सहवासात जातात. त्यामुळे आधी विभाग पाहावा आणि कॉलेजचे नाव त्यानंतर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामागे एक साधे कारण आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो, विद्यापीठाच्या परीक्षेची प्रश्नपत्रिकाही तीच असते. म्हणजे शहरातले नावाजलेले कॉलेज असो किंवा तालुक्याचे, फरक पडतो तो शिकवणाऱ्यांमुळे आणि तिथे हाताळायला मिळणाऱ्या साहित्यामुळे. विवेकानंद महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्था आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. अशा ठिकाणी अभ्यासक्रमाची प्रत मागून घेऊन ती विषयातल्या जाणत्या व्यक्तीला दाखवावी. १८८० पासून चालत आलेले राजाराम महाविद्यालय शासकीय असल्यामुळे तिथले शुल्क कमी आहे, ही गोष्टही विसरू नये.

शुल्काचा विषय निघाला की एक प्रश्न कार्यालयात अवश्य विचारावा: ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतात आणि त्यांच्या शुल्कात मोठी तफावत असते. दुसरा प्रश्न विभागप्रमुखांना विचारावा, की पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे, किती. तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक जण अतिशय मनापासून शिकवतात, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु एक तास संपवून दुसऱ्या कॉलेजकडे धावावे लागणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याची शंका ऐकायला थांबता येत नाही, आणि विभागात सगळेच तसे असतील तर त्याची झळ विद्यार्थ्याला बसते.

भेटीसाठी प्रवेशाच्या गर्दीचा दिवस निवडू नये. वर्ग सुरू असताना, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमारास, परवानगी घेऊन जावे. माझ्या भाचीसाठी मी अशीच दोन कॉलेजे पाहिली होती. पहिल्याची इमारत देखणी होती आणि ग्रंथालयात रसायनशास्त्राचे कपाट भरलेले होते. त्यातले एक पुस्तक काढून मी मागच्या चिठ्ठीवरचे शिक्के पाहिले, तर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. दुसऱ्या कॉलेजच्या जिन्यात ओल आली होती, पण प्रयोगशाळेतली टेबले आम्लाच्या डागांनी काळवंडलेली होती, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर त्याच आठवड्याची तारीख होती आणि दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ब्युरेटमधले रीडिंग कसे घ्यायचे ते पहिल्या वर्षाच्या मुलाला वाकून दाखवत होती. भाचीने दुसरे कॉलेज घेतले. शक्य असेल तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही गाठावे आणि जर्नल स्वतः लिहिता की मागच्या वर्षीचे उतरवून काढता, आणि प्रॅक्टिकलला एका उपकरणावर किती जण असतात, एवढेच विचारावे. या दोन उत्तरांतून माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांतून जावे लागते. तिथे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरताना मिळण्याची शक्यता किती, याचा हिशेब न करता खऱ्या आवडीचा क्रम लावावा, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते स्वीकारावेच लागते.

कागदपत्रांची तयारी निकालाची वाट न पाहता करावी. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास आणि विशेषतः जातवैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो, आणि जूनच्या अखेरीस सेतू केंद्रांत रांगा लागतात. शासनाच्या शिष्यवृत्त्यांसाठी असलेल्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. त्याच मर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून शुल्कात पूर्ण सवलत मिळते. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे मंजूर झालेली रक्कम अडकून पडल्याची उदाहरणे माझ्याच वर्गात दर वर्षी असतात.

ये-जा करायची की कोल्हापुरात राहायचे, हा निर्णय घरात बसून हिशेब मांडून घ्यावा. विद्यार्थी पासामुळे एसटीचा खर्च सुमारे एक तृतीयांशावर येतो, ही मोठी सोय आहे. पण गगनबावडा किंवा शाहूवाडीकडच्या मुलीचे प्रॅक्टिकल पाच वाजता संपत असेल, तर गावची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे आधी पाहिले पाहिजे. पावसाळ्याचाही विचार करावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी त्या पातळीकडे चढू लागले की पन्हाळा-गगनबावड्याकडच्या वाहतुकीचा भरवसा राहत नाही, आणि नेमके तेच दिवस प्रवेशाचे आणि पहिल्या तासांचे असतात. त्या काळापुरती तरी शहरात नातेवाइकांकडे सोय करून ठेवावी. राहायचेच असेल तर कॉट बेसिसवरच्या खोलीआधी वसतिगृहांची चौकशी करावी. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले, ते खेड्यातल्या मुलाला शिक्षणासाठी शहरात टेकायला जागा असावी म्हणूनच. दसरा चौकात उभे राहिले तरी त्या कामाची व्याप्ती लक्षात येते.

प्रवेश झाल्यावरचे पहिले सहा आठवडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास. मुख्य विषय कधी कायम होतो, तो बदलता येतो का आणि मायनर, म्हणजे जोडीचे दुय्यम विषय, कोणते उपलब्ध आहेत, हे पहिल्याच महिन्यात लेखी स्वरूपात समजून घ्यावे. मित्राने घेतला म्हणून विषय घेतलेला विद्यार्थी साधारण दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे येतो, आणि तोपर्यंत बदलाची मुदत संपलेली असते. क्रेडिट जमा होण्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंद-व्यवस्थेत खाते उघडावे आणि त्यातले नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे याची खात्री करावी. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि अंतर्गत गुण सबमिशनच्या तारखांवर अवलंबून असतात; त्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हुशार मुले इथेच खचतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी-बारावीचे इंग्रजी शास्त्र क्लासच्या नोट्सवर निभावून नेतो. पदवीला मूळ पुस्तक उघडावे लागते आणि पहिल्याच पानावर तो थबकतो. एका विद्यार्थ्याने मला दोनशे पानी वही दाखवली होती. डाव्या पानावर त्याने संवेग म्हणजे काय, हे चेंडू आणि ट्रकच्या उदाहरणासह स्वतःच्या मराठीत लिहिले होते, आणि उजव्या पानावर तीच व्याख्या पुस्तकातल्या इंग्रजीत उतरवून अडलेल्या शब्दांखाली रेघ मारली होती. रोज एक पान, एवढाच त्याचा नेम होता. पहिले सत्र संपेपर्यंत तो पुस्तकाचा परिच्छेद न अडखळता वाचू लागला. वर्गात शंका मराठीतच विचारावी, त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. वाचनासाठी विद्यापीठातले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र आहे, आणि १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिरही याच शहरात आहे.

अभ्यासाबाहेरच्या गोष्टींपैकी पहिल्या वर्षी एकच निवडावी. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. एनसीसीत पुढे ‘सी’ प्रमाणपत्रापर्यंत जाता येते. घरची ओढाताण असेल त्याने ‘कमवा आणि शिका’ योजनेबद्दल विचारावे. रॅगिंगचा प्रसंग आला तर एकट्याने सोसू नये. १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक मोबाइलमध्ये आधीच ठेवावा आणि घरीही सांगून ठेवावा.

पहिल्या सत्राचा निकाल लागला की एटीकेटी लागलेले, म्हणजे काही विषय राहूनही पुढे जायची मुभा मिळालेले, विद्यार्थी शिक्षकांना टाळू लागतात. त्याच आठवड्यात, तासांनंतरच्या वेळेत, त्या विषयाच्या शिक्षकांना विभागात जाऊन भेटावे, उत्तरपत्रिकेची प्रत मिळत असेल तर ती मागून घ्यावी आणि गुण नेमके कुठे गेले, हे प्रश्नागणिक समजून घ्यावे. जाताना आपली वही बरोबर न्यावी.